जुन्या घरगुती प्रोजेक्टरची निवड

देवास गेटवरून शाळेकडे येताना आमचा रस्ता भंगाराच्या एका दुकानावरून जातो. बसस्थानकाची गर्दी, इंदूर-देवासच्या उतारूंना हाका मारणारे कंडक्टर, डोक्यावर बोचकी घेऊन स्टेशनाकडे धावणारी मंडळी, या गलबल्यात त्या दुकानाकडे कोणी मुद्दाम पाहावे असे तेथे काही नसते. परंतु जुन्या यंत्रांची हौस ही अशी विचित्र असते की, तिने मनुष्यास एकदा पछाडले म्हणजे त्याची दृष्टी सरळ रस्त्यावर राहत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या आश्विन महिन्यात, शिवणयंत्रांच्या पायट्या व पंख्यांचे सांगाडे यांच्या आड आम्हांस एक चकचकीत पेटी दिसली. झाकण उघडले तो आत घरगुती चित्रपट दाखविण्याचा प्रोजेक्टर! रंग शाबूत, कळा शाबूत, लेन्सवर ओरखडा नाही. वायर जोडताच मोटार फिरली आणि दिवाही लागला. मग काय विचारता? बाराशे रुपये मोजून आम्ही ते यंत्र विजयी मुद्रेने घरी आणले. दिवाळीच्या आत ते चालवून पाहावयाचे, एवढाच ध्यास आम्हांस लागला.

यंत्र मिळाले, पण दाखवावयास फिल्म कोठे होती? वर्गात हा विषय सहज निघाला, तेव्हा नववीतील एक विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी आम्हांस आपल्या घरी घेऊन गेला. घर जुने, शिंदेशाहीपासून उज्जयिनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे. त्याच्या आजींनी माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढविला. आत सात लहान रिळे होती. आजोबा १९६२ साली शिक्षणासाठी विलायतेस गेले होते, तेथून त्यांनी एक लहानसा सिनेमाचा कॅमेरा आणला होता. पाच रिळे त्या कॅमेऱ्याची. उरलेली दोन १९८० च्या सिंहस्थात त्यांच्या एका पुतण्याने घेतलेली. डबा आमच्या हाती देताना आजी म्हणाल्या, “मास्तर, जरा सांभाळून हं. ह्यात आमच्या वन्सं आहेत. त्यांचा धड असा फोटोसुद्धा घरात राहिला नाही.”

पुढे जे घडले ते लिहिताना आजही आम्हांस संकोच वाटतो. त्याच रात्री आम्ही पहिले रीळ यंत्रावर चढविले. फिल्म आत गेली, भिंतीवर राम घाटाच्या पायऱ्या दिसल्या, एक तरुण स्त्री वरून खाली येऊ लागली. आणि यंत्रातून मका भाजल्यासारखा तडतड आवाज सुरू झाला. चित्र वरखाली नाचू लागले. लेन्स नीट बसली नसावी असे समजून आम्ही ती फिरवीत राहिलो! कळ बंद करण्याचे सुचेपर्यंत दीड फूट फिल्मची छिद्रे एकामागून एक उसवली होती. यंत्र बिघडलेले नव्हते, फिल्मही खराब नव्हती. दोहोंची जात निराळी होती, एवढेच.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, ज्यांना अशा यंत्रांची हौस आहे, त्यांस आमचे पहिले सांगणे हे की, प्रोजेक्टर पाहण्यापूर्वी फिल्म पाहावी. घरात, नातलगांकडे, शेजारी कोणत्या मापाची रिळे आहेत हे समजल्यावर मग त्या मापाचे यंत्र शोधावे. आम्ही उलट केले आणि त्याचे फळ एका वृद्ध बाईंच्या ठेव्यास भोगावे लागले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चित्रपटगृहातील चित्रपटाची मूळ निगेटिव्ह कोठेतरी जपून ठेवलेली असते व तिच्यावरून अनेक प्रती निघतात. घरगुती फिल्मचे तसे नसे. जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली, तीच धुऊन परत येई व तीच भिंतीवर दाखविली जाई. तिची निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. डब्यातले रीळ हेच जगातले एकमेव.

आता ही निरनिराळी मापे कशी झाली ते पाहू. घरगुती चित्रणाचा खरा प्रसार सुरू झाला तो १९२२-२३ च्या सुमारास. फ्रान्समधील पाथे कंपनीने १९२२ च्या अखेरीस साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फिल्म व ‘पाथे बेबी’ नावाचा हाताने फिरवावयाचा चिमुकला प्रोजेक्टर काढला. या फिल्मची छिद्रे कडेला नसून दोन चित्रांच्या मधोमध असतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कोडक कंपनीने १६ मिलिमीटरची फिल्म आणली. कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा व फिल्म जोडण्याचे साधन असा तिचा सारा संच ३३५ डॉलरांस पडे. म्हणजे हौस होती ती श्रीमंतांची. चित्रपटगृहांतील त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन् पेट घेणारी असे. घरात असली वस्तू नको म्हणून १६ मिलिमीटरची फिल्म आरंभापासून न भडकणाऱ्या ॲसिटेटची करण्यात आली, ही मोठ्या शहाणपणाची गोष्ट होय.

मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, कोडकने एक युक्ती काढली. १६ मिलिमीटरचीच पट्टी घ्यावयाची, तिला दुप्पट छिद्रे पाडावयाची, कॅमेऱ्यातून एकदा एका अंगाने व मग रीळ उलटून दुसऱ्या अंगाने चालवावयाची, आणि धुतल्यावर मधोमध चिरून दोन्ही भाग टोकास टोक जोडावयाचे. पंचवीस फुटांच्या रिळाचे असे पन्नास फूट होतात. हीच ८ मिलिमीटरची साधी फिल्म. आजींच्या डब्यातील पाच रिळे याच जातीची होती. पुढे १९६५ साली ‘सुपर ८’ आली. तिची रुंदी तीच, आठ मिलिमीटर. परंतु छिद्रे लहान केल्यामुळे चित्रास जास्त जागा मिळाली आणि चित्राचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट झाले. फिल्म एका बंद डबीत येई, ती कॅमेऱ्यात सरकवली की काम झाले. जपानच्या फुजी कंपनीने त्याच वर्षी ‘सिंगल ८’ काढली; डबी निराळी, परंतु धुतलेली फिल्म सुपर ८ च्याच यंत्रावर चालते.

साधी आठ आणि सुपर आठ यांची रुंदी एकच असल्यामुळेच आमच्यासारख्याची फसगत होते. रीळ हाती घेतल्यावर प्रथम मधले भोक पाहावे. साध्या आठच्या रिळाचे भोक लहान, पेन्सिल जेमतेम जाईल असे. सुपर आठच्या रिळाचे अर्ध्या इंचाचे. पण रिळे बदललेली असू शकतात, म्हणून भिंग घेऊन फिल्मच पाहावी. साध्या आठचे छिद्र ठळक असून दोन चित्रांच्या मधल्या रेघेशी असते. सुपर आठचे छिद्र बारीक व उभे असून चित्राच्या कडेस बरोबर मध्यावर असते. साध्या आठच्या एका फुटात ८० चित्रे बसतात, सुपर आठच्या फुटात ७२. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, भागाकार करून पाहा. एका छिद्रापासून दुसरे छिद्र पहिल्यात ३.८१ मिलिमीटरवर येते, दुसऱ्यात ४.२३ मिलिमीटरवर. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असा हा फरक, पण यंत्राची नखी दर वेळी ठरलेल्या अंतरावरच झेप घेते. तेथे छिद्र नसेल तर ती नवे पाडते. आमच्या घरी झालेली ती तडतड हीच.

ही नखी म्हणजे यंत्राचा जीव. पुष्कळांची अशी समजूत असते की, फिल्म दिव्यापुढून एकसारखी वाहत असते. तसे झाले तर भिंतीवर नुसता धूसर पट्टा दिसेल. प्रत्यक्षात प्रत्येक चित्र खिडकीपुढे क्षणभर स्तब्ध उभे राहते; मग पुढची पाती दिव्याचा उजेड अडविते, त्या अंधारात नखी छिद्रात शिरून फिल्म एक घर खाली ओढते, बाहेर पडते, आणि पाती दूर होते. साधी आठ फिल्म सेकंदास १६ चित्रे या वेगाने चालते. एवढ्याच वेळा उजेड आला-गेला तर डोळ्यांस लुकलुक असह्य होईल. म्हणून चक्रास तीन पाती ठेवून प्रत्येक चित्र तीनदा उजळतात. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. सुपर आठचा वेग बहुधा १८, म्हणजे चोपन्न वेळा. मग लुकलुक जवळजवळ जाणवत नाही. आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत, चित्र डोळ्यांत रेंगाळते म्हणून हालचाल दिसते, असे कारण दिलेले असे. ते पुरेसे नाही. स्थिर चित्रांतून गती जुळविण्याचे काम मेंदू करतो, हे माक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाच्या १९१२ मधील प्रयोगांपासून मानले जाऊ लागले. असो.

नखी ओढते धक्क्याने, आणि रीळ तर फिरत असते सावकाश. या दोहोंचे जुळावे म्हणून खिडकीच्या वर व खाली फिल्मचे एक एक सैल वळण ठेवावे लागते. ते वळण तुटले की फिल्म ताणली जाते. ज्या यंत्रात फिल्म हाताने चढवितात, त्यात ही वळणे डोळ्यांपुढे असतात. मध्येच काही बिनसले तर फिल्म अलगद काढून घेता येते. स्वयंचलित यंत्रात फिल्मचे टोक एका फटीत सारले की ते आपोआप दुसऱ्या बाजूने बाहेर येते. हे पाहावयास गंमत वाटते खरी, पण जुनी, आकसलेली, वाकडी झालेली फिल्म आत अडकली म्हणजे झाकणे, स्क्रू काढीत बसावे लागते. काही यंत्रांत तर चालू फिल्म मध्येच काढण्याची सोयच नसते. नवशिक्याने हाताने चढवावयाचे यंत्र घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मेहनत दोन मिनिटांची जास्त, पण यंत्राशी ओळख होते.

दिव्याविषयी लिहावयाचे म्हणजे दादासाहेब फाळके यांची आठवण होते. १९११ च्या सुमारास मुंबईस ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांस या कलेचा ध्यास लागला. तेव्हा त्यांनी एक लहानसा कॅमेरा व काही फिल्म विकत आणल्या, आणि मेणबत्तीचा उजेड लेन्समधून नेऊन ते रात्री घरच्या भिंतीवर चित्रे पाडीत बसत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्या जागरणांनी त्यांचे डोळे बिघडले. तरी १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आलाच. फाळक्यांच्याही आधी ‘सावे दादा’ भाटवडेकर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. रँग्लर परांजपे १९०१ च्या अखेरीस परतले त्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. त्याहूनही मागे, कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडून ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने खेळ केले होते. घरच्या भिंतीवर चित्र पाडण्याची हौस मराठी माणसास नवी नाही, एवढे यावरून दिसून येईल.

मेणबत्तीने फिल्मला मोठासा धोका नव्हता. पण १९५० च्या आसपासच्या कित्येक यंत्रांत ५०० वॅटचा दिवा असतो. तो शेगडीच म्हणावयाचा. फिल्म चालू असेपर्यंत तिचा प्रत्येक भाग त्या उष्णतेपुढे क्षणभरच येतो. परंतु फिल्म अडकली आणि दिवा चालू राहिला, तर ॲसिटेटची पट्टी पेटत नसली तरी वितळून तिच्यावर तपकिरी फोड येतो. शिवाय हे जुने दिवे आता दुर्मिळ व महाग झाले आहेत. पुढच्या काळातील यंत्रांत १२ व्होल्ट, १०० वॅटचा, मागे आरसा असलेला लहान हॅलोजन दिवा असतो. तो अजून मिळतो, उजेड चांगला देतो आणि त्याचा आरसा बरीचशी उष्णता मागच्या मागे सोडून देतो. तेव्हा यंत्र ठरविण्याआधी त्यातील दिव्यावरील आकडे लिहून घ्यावे, तो दिवा बाजारात मिळतो की नाही याची चौकशी करावी, आणि मगच किंमत विचारावी. दिव्यापायी कपाटात बसलेले देखणे प्रोजेक्टर आम्ही पुष्कळ पाहिले.

विजेचा दाब हाही पाहिलाच पाहिजे. आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तने. अमेरिकेतून आलेले यंत्र बहुधा ११७-१२० व्होल्ट व ६० आवर्तनांचे. मध्ये दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर ठेवला म्हणजे व्होल्टचे भागते. पण आवर्तने काही त्याने बदलत नाहीत. ज्या मोटारीचा वेग आवर्तनांवर अवलंबून असतो ती येथे पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, म्हणजे १८ चित्रांऐवजी १५. माणसे किंचित रेंगाळत चालताना दिसतील. मूक फिल्मला ते चालून जाते. बोलत्या फिल्मला नाही, कारण आवाज जाड व ओढल्यासारखा येतो.

यंत्र प्रथम चालू करताना आम्ही केला तसा उतावळेपणा कोणी करू नये. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रातील वायरींचे वेष्टन ठिसूळ झालेले असते, कपॅसिटर नासलेले असतात. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ‘सिरीज बोर्ड’ नावाची एक साधी सोय असते. तीत यंत्राच्या वाटेवर एक शंभर वॅटचा बल्ब ठेवलेला असतो. प्रोजेक्टरचा दिवा काढून ठेवून यंत्र त्यावर लावावे; बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत कोठेतरी वायरी भिडल्या आहेत असे समजून लगेच बंद करावे. हे काम कारागिराच्या देखरेखीखालीच व्हावे. विद्यार्थ्यांनी एकट्याने यात हात घालू नये. फार जुन्या यंत्रांच्या दिवाघरात ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असू शकते. ते खरवडू नये, फुंकून साफ करू नये.

मोटार व्यवस्थित फिरली म्हणजे दहा-पंधरा मिनिटे यंत्र रिकामे चालू द्यावे आणि नुसते ऐकावे. एकसारखी घरघर चांगली. अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर दातेरी चाकाचा एखादा दाता गेलेला असण्याचा संभव आहे. यंत्रागणिक दुखणी ठरलेली असतात. बेल अँड हॉवेलच्या कित्येक १६ मिलिमीटर यंत्रांतील प्लास्टिकचा मळसूत्री दातेरी दांडा कालांतराने तडकतो. काही युमिग यंत्रांत पट्ट्याऐवजी रबरी चाकांच्या घर्षणाने गती मिळते, ते रबर कडक किंवा चिकट होते. युमिग ही व्हिएन्नाची कंपनी १९८० नंतर लवकरच बुडाली, तेव्हा सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच काढावे लागतात. साधा रबरी पट्टा गेला असेल तर भिण्याचे कारण नाही. वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजावी, तीहून किंचित कमी मापाची ओ-रिंग यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणावी. काही पट्टे मात्र वितळून काळ्या काकवीसारखे झालेले असतात. ते साफ करताना जे कपडे अंगावर असतील ते पुन्हा शाळेत घालता येत नाहीत, हा स्वानुभव.

त्यानंतर खिडकी पाहावी. फिल्म ज्या धातूच्या पट्ट्यांवरून घासत जाते त्या पट्ट्या बोटाने चाचपाव्या. वाळलेल्या मसाल्याचा एक कण जरी तेथे राहिला तरी तो सबंध रिळावर उभी रेघ ओढतो. तेथे सुरी किंवा टाचणी लावू नये. लाकडी काडीस मऊ कापूस गुंडाळून साफ करावे. मग टाकाऊ फिल्मचा एक तुकडा यंत्रातून दहा-बारा वेळा चालवावा व प्रत्येक वेळी भिंगाखाली धरावा. नवी रेघ दिसली नाही, छिद्रांच्या कडा फाटल्या नाहीत, तरच यंत्र विश्वासास पात्र. ही परीक्षा विकणाऱ्यासमोरच करावी. त्याचा राग येतो, पण येऊ द्यावा.

आवाजाच्या यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो. १९७३ पासून सुपर आठवर चुंबकीय पट्टीने आवाज नोंदविण्याची सोय झाली. फिल्मच्या कडेस तपकिरी रेघ दिसली तर ती आवाजाची समजावी. ती नसेल तर बोलत्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही. १६ मिलिमीटरचे यंत्र मात्र वजनदार, जागा अडविणारे, आणि त्याच्या फिल्म घरगुती फारशा नसून शिक्षणाच्या किंवा प्रचाराच्या असतात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची माहितीपर चित्रे गावोगावी दाखविली गेली ती बव्हंशी याच मापाच्या यंत्रांवर. संग्रहास ते शोभते. कुटुंबाच्या आठवणी पाहण्यास त्याची गरज क्वचितच पडते.

यंत्र कितीही उत्तम असले तरी प्रत्येक रीळ त्यावर चढवावे असे मात्र नाही. डबा उघडताच सिरक्यासारखा आंबट वास आला तर ॲसिटेट कुजू लागले आहे असे समजावे. ही कूज एकदा सुरू झाली की थांबत नाही; उष्णतेने व दमटपणाने वाढते, आणि शेजारच्या रिळासही लागते. अशी फिल्म आकसते, छिद्रांचे अंतर कमी होते, आणि मग बरोबर मापाची नखीसुद्धा तिला फाडते. आमच्या घरची बोली कोंकणी. कोंकणपट्टीच्या हवेत आम्ही फिल्मवर व लेन्सवर बुरशीची जाळी धरलेली पाहिली आहेत. माळव्याची हवा कोरडी म्हणून बुरशीचे भय कमी. परंतु वैशाखातील माळा म्हणजे फिल्मसाठी भट्टीच. आजींची रिळे साठ वर्षे त्या भट्टीत राहिली होती. एका रिळास वास येत होता. ते आम्ही चालविले नाही, वेगळे काढून ठेवले. अशा फिल्मचे एकेक चित्र नखीविना टिपून घेणारी स्कॅनिंगची यंत्रे असतात. तिची जागा तेथे.

आता आमच्या दुसऱ्या खरेदीची हकीकत. डब्यात दोन्ही जातींची रिळे असल्यामुळे आम्हांस दोन्ही मापे चालविणारे यंत्र हवे होते. अशी यंत्रे सुपर आठ निघाल्यानंतरच्या काळात बऱ्याच कारखान्यांनी केली, कारण घरोघरी जुनी रिळे होतीच. त्यात एक खटका असतो. तो फिरविला की नखीची झेप बदलते, आणि काहींत दातेरी चाके व खिडकीही बदलावी लागते. चार महिने शोधल्यावर इंदूरच्या एका वृद्ध छायाचित्रकारांकडे असे यंत्र सापडले. रंग उडालेला, एका कोपऱ्यास पोच आलेली, मूठ तुटलेली. आमच्या पहिल्या यंत्राशेजारी ते ठेवले तर कोणीही पहिलेच उचलील. किंमतही तिप्पट. आम्ही सिरीज बोर्ड, भिंग व टाकाऊ फिल्म असा सरंजाम पिशवीत घेऊनच गेलो होतो. त्या गृहस्थांनी तो पाहिला आणि राग न येता उलट खुर्ची पुढे केली. बारा वेळा फिल्म चालवली. एकही रेघ नाही.

फाटलेल्या रिळाची दुरुस्ती आधी करावी लागली. उसवलेला दीड फुटाचा भाग कापून काढला व दोन्ही टोके फिल्मच्याच जोडपट्टीने जोडली. साधी चिकटपट्टी येथे चालत नाही. तिचा डिंक काही दिवसांनी पाझरून शेजारच्या वेढ्यांस चिकटतो. दीड फूट म्हणजे १२० चित्रे, म्हणजे साडेसात सेकंद. तो तुकडा टाकून न देता कागदी पाकिटात घातला व वर तारीख लिहिली. काय घडले ते आम्ही आजींना दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितले होते. त्या काही बोलल्या नव्हत्या. डबा मात्र त्यांनी परत मागितला नाही, ही त्यांची थोरवी.

फाल्गुनातील एका रात्री त्यांच्या ओसरीवर धुतलेली चादर बांधली. घरची माणसे, शेजारी, नववीची निम्मी मुले जमली. पहिल्यांदा सिंहस्थाची दोन रिळे लावली. आखाड्यांचे हत्ती, घाटावरची गर्दी. फिल्मचे रंग किंचित तांबूस झाले होते. मग खटका साध्या आठवर फिरविला. हरसिद्धीच्या दीपमाळा नवरात्रात पेटलेल्या; त्या काळची फिल्म मंद म्हणून देऊळ, आकाश, माणसे काहीच उमटले नव्हते, काळोखात ज्योतींच्या दोन राशी तेवढ्या हलत होत्या. मुलांना ते चित्र सर्वांत आवडले. शेवटी राम घाटाचे रीळ. वन्सं पायऱ्यांच्या माथ्यावर उभ्या राहिल्या, त्यांनी पदर सावरला, आणि एकाएकी त्या खाली पाण्याशी पोचलेल्या दिसल्या. मुले हसली, त्यांस वाटले गंमत आहे. वन्संनी ओंजळीने पाणी घेतले, कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि पट्टी संपली.

“काय म्हणाल्या असतील?” एका मुलीने विचारले. आजी म्हणाल्या, “त्या भावाला बावळट म्हणताहेत. नेहमी म्हणायच्या. परत लावा, मास्तर.”

तीन वेळा परत लावले. नंतर आजींनी ते पाकीट मागून घेतले आणि आमचे भिंग डोळ्यांस लावून दिव्यापुढे एकेक चित्र पाहिले. छिद्रे उसवली असली तरी निम्म्याहून अधिक चित्रे सबंध होती. प्रत्येकीत वन्सं एका पायरीचा काही अंश खाली उतरलेल्या. नखीस ती आता धरता येत नाहीत, पण स्कॅनिंगला छिद्रांची गरज नाही. ती सारी क्रमाने टिपून पुन्हा जोडण्याचे काम नववीच्या चार मुलांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अंगावर घेतले आहे. पाकीट तोवर आजींच्याच कपाटात, माळ्यापासून दूर, खालच्या थंड कप्प्यात आहे.